समुद्रघोड्यांच्या लहान टाकीचा तपास

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. मी लेखक नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून जे लिहून झालं ते स्टेशन डायरीत, पंचनाम्यांत आणि जबाबांत, आणि त्यातही साहेब लाल शाईनं दुरुस्त्या करायचे. बारावी झाल्यावर पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि बढत्या मिळत सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वडील मासळीच्या बंदरावर बर्फ फोडायचे. आम्हा पाच भावंडांत बारावीनंतर कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही. आता त्रेसष्टाव्या वर्षी, टेक्सासमध्ये अर्विंगला मुलाकडे राहून, मी कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाला बसतो. वर्गातली मुलं मला ‘सर’ म्हणतात आणि मी खऱ्या सरांना काही विचारायचं म्हटलं की घाम फुटतो. अशा माणसानं छापण्यासाठी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ही केस सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिवाजाप्रमाणे कोणाचं नाव देत नाही.

ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. मी सहाच्या ठोक्याला खाली आलो, तर सूनबाई हॉलमधल्या लहान काचेच्या टाकीसमोर जमिनीवर बसलेली. तिच्या हातात रबरी फुग्याची लांब नळी होती. त्या नळीनं ती टाकीच्या तळातून काहीतरी ओढून वाटीत सोडत होती. मी जवळ गेलो. वाटीत बारीक पांढरे दोरे दिसले. दोरे नव्हते ते. घोड्यासारखं तोंड आणि वळलेली शेपटी असलेली समुद्रघोड्यांची पिल्लं होती, नखाएवढी. सगळी मेलेली.

“ऑल गॉन, बाबा,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा.”

आमची सूनबाई अमेरिकेतच, सनीव्हेलला जन्मली आणि तिथेच वाढली. मराठी समजतं सगळं, बोलते अडखळत. दातांच्या दवाखान्यात काम करते आणि उरलेला सगळा वेळ समुद्रघोड्यांना देते. हॉलमध्ये तिच्या दोन टाक्या. मोठीत एक नर, एक मादी. लहान टाकी पिल्लांची. मी इथे आलो तेव्हा आम्हा दोघांत बोलण्यासारखं फारसं नव्हतं. तिला माझं इंग्रजी कळेना, मला तिचं मराठी. मग एक दिवस तिनं मला मोठ्या टाकीसमोर बसवलं आणि म्हणाली, “बाबा, बघा. रोज मॉर्निंगला ते एकमेकांना गुड मॉर्निंग करतात.”

आणि खरोखरच! उजेड झाला की मादी नराजवळ यायची, दोघांचे रंग उजळायचे, शेपटीत शेपटी अडकवून दोघं एकाच काडीभोवती गोल गोल फिरायची. मग कळलं की पोट नराला असतं. मादी अंडी त्याच्या पिशवीत ठेवते आणि बाळंतपण बापाचं! मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, “हा गडी बाळंत होणार?” तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर खळखळून हसली.

त्या दिवसानंतर मला घरात एक काम मिळालं. टाकीतलं पाणी हवेत उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागतं. मोठ्या टाकीला त्यासाठी यंत्र होतं. लहानीला हातानं घालावं लागे. ते काम माझं. गॅरेजमध्ये फिल्टरचं पाणी भरलेला कॅन असे. सकाळी सहाला मी मोजून, हळूहळू, पिल्लांना धक्का न लागता पाणी घालायचो. बत्तीस वर्षं ड्युटी केलेल्या माणसाला ड्युटी नसली की कसं होतं, ते ज्याचं त्याला कळतं. ते पाणी ही माझी ड्युटी होती.

तर त्या सकाळी ती वाटी घेऊन उठली आणि म्हणाली, “मी ही पेअर देऊन टाकणार. जर्सी सिटीला एक जण आहे, खूप वर्षं ब्रीड करतो, त्याला. आय कान्ट वॉच धिस, बाबा. ते जन्मतात आणि मी त्यांना मारते.”

“तू काय केलंस?”

“काहीच नाही! सगळं पुस्तकाप्रमाणे. पण कोणीतरी मारतंय ना? तुम्ही पोलीस होता. मग फाइंड आउट करा ना.”

ती रागानं बोलली होती. पण माझ्यासाठी ती रीतसर फिर्याद होती.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात असताना खबऱ्याच्या टिपेवरून जेट्टीवर एक टेम्पो पकडला. सुक्या मासळीच्या पोत्यांखाली तीन पोती निघाली, वाळवलेल्या समुद्रघोड्यांची. परदेशात औषधासाठी जातात म्हणे. कायद्यानं संरक्षित प्राणी, म्हणून मुद्देमाल नग मोजून लिहायचा होता. पंचांसमोर दिवसभर मी ते मोजत बसलो. लाकडासारखे कडक, डोळ्यांच्या जागी खळगे. नोकरीत असताना मी समुद्रघोडा पाहिला तो तेवढाच. जिवंत पहिला पाहिला तो अर्विंगला, सुनेच्या हॉलमध्ये. म्हणून हा तपास मला घरगुती करमणूक वाटत नव्हता.

नर पुन्हा गाभण होता. त्याची पिशवी फुगायला लागली होती. सूनबाईच्या अंदाजानं दोन-अडीच आठवडे हातात होते. ती म्हणाली, “हे शेवटचं. ही पिल्लं गेली तर पेअर जाणार.” म्हणजे मुदतही ठरली.

मी नवी वही काढली. पहिला प्रश्न घटनास्थळाचा. हॉल एक, हवा एक, खायला घालणारं घर एक. मोठ्या टाकीतले दोघं ठणठणीत. मरण फक्त लहान टाकीत. दुसरी गोष्ट सूनबाईनं सांगितली. काचेवरचं शेवाळ खायला तिनं लहान टाकीत दोन गोगलगायी सोडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही काचेवरून गळून पडल्या. मोठ्या टाकीतल्या गोगलगायी मात्र वर्षभर मजेत फिरत होत्या. तिसरी गोष्ट खाण्याची. पिल्लांना ती बारीक कोळंबीसारखे जीव बाटलीत अंडी उबवून घालते. बाटलीत ते उड्या मारायचे, लहान टाकीत घातले की दुपारपर्यंत तळाला बसायचे. म्हणजे पिल्लांच्या आधी त्यांचं अन्न मरत होतं. कोणी तरी टाकीत काही तरी घालत होतं, एवढं मला पक्कं दिसत होतं.

पहिला संशय शेजारच्या काकूंवर. काकू मूळच्या नागपूरच्या, मनानं मोठ्या आणि आवाजानंही मोठ्या. दर शुक्रवारी येणार, येताना उदबत्ती घेऊन येणार, कारण आमच्या घराला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘मच्छीचा वास’ येतो. मी त्यांना डायनिंग टेबलाशी बसवलं, चहा दिला आणि वही उघडली.

“काकू, गेल्या तीन शुक्रवारी तुम्ही उदबत्ती कुठे लावली?”

“टीव्हीजवळ. का बरं?”

“लहान टाकीपासून किती अंतरावर?”

“अहो, मी काय टेप घेऊन फिरते का? तुम्ही लिहून काय घेऊन राहिलात?”

“उदबत्तीची राख टाकीत पडली असेल का?”

काकूंनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी मारले का तुमचे मासे? वा रे वा! चिवडा खाताना काकू चांगल्या, अन् आता काकू खुनी!” एवढं बोलून त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. चिवड्याचा डबाही परत घेऊन गेल्या. पुढच्या शुक्रवारी आल्याच नाहीत. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, यार, तुम्ही कमाल करता. त्या एकट्याच आहेत आपल्याला इथे.”

मग मी त्याचाही जबाब घेतला. तो घरून काम करतो, मीटिंग चालू असताना मांजरासारखा घरभर फिरतो. टाकीत हात घातला होता का? नाही. साबणाचा हात? नाही. काच पुसायचा फवारा? “मी घर पुसतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?” सूनबाई मागून म्हणाली, “दॅट इज ट्रू, बाबा. ही इज इनोसन्ट.” तो सुटला.

तिसरा साक्षीदार मासळीच्या दुकानाचा मालक. मासळी म्हणजे पाळायची. उंच, पांढऱ्या दाढीचा टेक्सन माणूस, हातावर आठ पायांच्या माशाचं गोंदण. सूनबाई दुभाषी. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला. टाकीत तांबं जातं का कुठून? तांब्याचं औषध, तांब्याची पाइप? गोगलगायी आणि कोळंबीसारख्या जिवांना थोडंसं तांबंही पुरतं, आणि पिल्लं तर किती नाजूक.

मी ठामपणे म्हटलं, “नो सर. नो कॉपर.” माझ्या डोळ्यांसमोर वायर आली, नळ आला. आमची पाइप प्लॅस्टिकची होती, औषध कधी घातलं नव्हतं. मी ‘तांबं नाही’ असं वहीत लिहून टाकलं आणि खाली रेघ मारली. त्यानं तरी तपासणीची एक छोटी बाटली आमच्या पिशवीत टाकली. पाण्यात थेंब सोडायचे, रंग आला तर तांबं. सूनबाईनं ती घरी येऊन खणात ठेवली. बाबांनी नाही म्हटल्यावर तपासायचं कशाला? पोलिसाच्या शब्दाला घरात असा मान होता.

नराचं पोट दिवसेंदिवस गोल होत होतं. माझ्या वहीत संशयित संपले होते. नोकरीत असे दिवस येतात. सगळे जबाब घेऊन झालेले असतात, कोणीच खोटं बोललेलं दिसत नाही आणि प्रेत मात्र समोर असतं.

केस फुटली ती कॉलेजात. बायोलॉजीच्या लॅबमध्ये आमच्या मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, प्रत्येकाची वही तपासत होत्या. मटाराला मोड आणण्याचा साधा प्रयोग. माझ्या वहीत तारीख, वेळ, बशीचा क्रमांक, किती दाणे, सगळं सुवाच्य. मला वाटलं शाबासकी मिळणार. मॅडम म्हणाल्या, “हे छान आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?” मला कळेना. त्यांनी समजावलं की बशीत काय झालं ते तुम्ही लिहिलंत, पण तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहिलं नाही. पाणी कोणतं, कशातून ओतलं, हात कधी लावला. तुमचे हातसुद्धा प्रयोगाचा भाग आहेत.

बसमध्ये बसल्यावर मी सहज म्हणून तपासाच्या वहीत नवा रकाना आखला. ‘मी काय केलं.’ आणि मॅडमनी सांगितलं तसं बारीकसारीक लिहू लागलो. आदल्या संध्याकाळी कॅनमधलं पाणी घेतलं. ते माझ्या पाण्याच्या जगात भरून ठेवलं. सकाळी सहा वाजता जगातून

पेन तिथेच थांबलं.

जग तांब्याचा होता.

निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातल्या स्टाफनं वर्गणी काढून तो मला दिला होता. त्यावर माझं नाव आणि ‘सस्नेह भेट’ कोरलेलं आहे. इथे येताना दोन शर्ट कमी आणले, पण तो आणला. तांब्यातलं पाणी चांगलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. पिल्लं झाली तेव्हा माझ्या मनात आलं, इतक्या तान्ह्या जिवांना प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पाणी कसं घालायचं? म्हणून रोज संध्याकाळी त्यांचं पाणी मी जगात भरून ठेवायचो, सकाळपर्यंत शुद्ध व्हायला. अर्धं त्यांना, अर्धं मला. कोणाला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. दुकानात ‘तांबं’ म्हटल्यावर मला वायर आठवली. रोज सकाळी हातात धरतो तो जग नाही आठवला.

माझा थांबा मागे गेला. मी दोन थांबे चालत परत आलो. खरं सांगतो, वाटेत एक विचार येऊन गेला. जग कपाटात ठेवावा, उद्यापासून कॅनचं पाणी घालावं, पिल्लं वाचतील, कोणाला काही कळणार नाही. आरोपी असाच विचार करतात. मी कितीतरी जणांना त्यावरून बोललो आहे. भीती मला रागाची नव्हती. ती म्हणेल, “इट्स ओके, बाबा, आजपासून मी घालते पाणी,” याची भीती होती.

घरी आलो तर सूनबाई टेबलाशी बसून जर्सी सिटीच्या माणसाला, ही पिल्लं गेली तर पेअर पाठवते म्हणून, निरोप टाइप करत होती. मी जग आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

“हा मुद्देमाल,” मी म्हटलं. “आणि आरोपी हजर आहे.”

तिला वाटलं मी गंमत करतोय. मी सगळं सांगितलं, तारीखवार, वहीतून वाचून. तिनं खणातून ती बाटली काढली. लहान टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब सोडले. मुलगा मीटिंग सोडून येऊन उभा राहिला. आम्ही तिघं त्या नळीकडे बघत होतो. पाण्याला रंग चढला. मग जगातलं पाणी घेतलं. रंग आणखी गडद. शेवटी मोठ्या टाकीचं. स्वच्छ पाणी, रंग नाही!

मला रडू यायला हवं होतं, आणि आलंही थोडं. पण खोटं का बोलू, त्याच्याआधी छातीत जे उसळलं ते वेगळं होतं. केस फुटली होती! नर अजून बाळंत व्हायचा होता. वेळ होता!

सूनबाईनं नळी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही रोज, आदल्या दिवशीपासून, त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत होता?”

“हो.”

“प्लॅस्टिक नको म्हणून?”

“हो.”

“ओ, बाबा.” तिनं डोळे पुसले आणि फोन उचलला. टाइप केलेला निरोप माझ्यासमोर पुसून टाकला. “लहान टाकी फेकायची. नवी आणू. आणि मॉर्निंगचं पाणी तुम्हीच घालायचं. मला रोज सहाला उठता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. दार उघडून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “काकू, खुनी सापडला.” “कोण?” “मी.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग बसा. चिवडा खाऊनच जेलात जा.”

आठ दिवसांनी, उजाडताना, नर काडी सोडून टाकीच्या मधोमध आला. अंग आकसलं, पुढे वाकला, आणि पिशवीच्या तोंडातून एकदम पिल्लांचा फवारा उडाला! पुन्हा वाकला, पुन्हा फवारा! मी जिन्याखाली उभा राहून ओरडलो, “या रे! सुरू झालं!” मुलगा अर्ध्या दाढीच्या फेसानिशी धावत आला, सूनबाई अनवाणी. ती एकेक पिल्लू भांड्यानं अलगद उचलून नव्या टाकीत सोडत होती आणि मी मोजत होतो. जेट्टीवर मोजले होते तसेच, मोठ्यानं, एकेक. पण हे मोजता मोजता हलत होते. दोनशेच्या पुढे माझी मोजणी चुकली आणि मी पुन्हा सुरुवात केली नाही. नोकरीत असं कधी चाललं नसतं.

सगळी जगली नाहीत. समुद्रातही सगळी जगत नाहीत, असं सूनबाई म्हणते. पण आठवडा गेला, दोन गेले, आणि पिल्लं शेपटीनं जाळीला धरून उभी राहू लागली. कोळंबीचा जीव समोर आला की मान टपकन पुढे. महिन्यानं चौतीस होती. मोठी झाल्यावर त्यातली चार जर्सी सिटीच्या त्या माणसाकडे विमानानं गेली. पेअर द्यायची होती, त्याऐवजी तिची मुलं दिली.

या केसनं मला काय शिकवलं? मी बत्तीस वर्षं लोकांना विचारत आलो, तुम्ही तेव्हा कुठे होता. स्वतःला कधी विचारलं नाही. संशयितांच्या यादीत तपास करणारा माणूस नसतो, असं आम्ही धरूनच चालतो. आणि ज्याच्या हातात काही वाईट नाही, ज्यानं फक्त जीव लावलाय, त्याच्याकडे तर कोणीच बघत नाही. आता लॅबच्या वहीत मी पहिला रकाना माझा आखतो. तांब्याचा जग टेबलावर असतो. त्यात माझी पेनं आहेत.

हे एवढं लिहून मी थांबणार होतो. पण गेल्या आठवड्यात बायोलॉजीचा पेपर होता. फोन बंद करून दप्तरात ठेवलेला. पेपर बरा गेला. बसथांब्यावर फोन चालू केला तर सूनबाईचा आवाजी निरोप येऊन पडलेला. तिला धाप लागली होती.

“बाबा, जर्सी सिटीवरून न्यूज आली. आपला तो छोटा, वाकड्या शेपटीचा, तुम्ही ज्याला हवालदार म्हणायचे ना? आज मॉर्निंगला त्याला बाळं झाली! बाबा, ऐकताय ना?”

मी बाकावर बसलो, वही काढली आणि नोंद केली. ठिकाण, जर्सी सिटी. बाप सुखरूप. पिल्लं जिवंत, मोजणी चालू आहे.